मांजर्लीचे गव्हर्नर

बाकीच्यांच्या घरात शिरलं की समोर देव दिसतात, नाहीतर हार घातलेले सासरे दिसतात. आमच्या घरमालकांच्या, म्हणजे काकांच्या, घरात शिरलं की समोर पाच गोरे म्हातारे दिसायचे. कोट, टाय, एकाच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी, आणि पाचही जणांच्या चेहऱ्यावर आत्ताच कुणीतरी न विचारता आपल्या खुर्चीत बसून गेल्यासारखा राग. गॅसवाल्याला वाटायचं हे डॉक्टर आहेत. उल्हासनगरच्या ज्या सिंधी शेठकडे फ्रेमा करून घेतल्या, त्यांना वाटलं की हे घरातले गेलेले बुजुर्ग. त्यांनी प्रत्येक फोटोला चंदनाचा हार लावून दिला. "साईं, हार अपनी तरफ से." काकांनी हार काढले नाहीत. गेलेले तर सगळेच होते, आणि हार फुकट होते.

हे पाचही जण अलाबामाचे. अलाबामा म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं एक राज्य. काकांची मुलगी आणि जावई तिथे नोकरीला. काका एकदा त्यांच्याकडे सहा महिने राहून आले. त्यापूर्वी ते इतर निवृत्त माणसांसारखेच होते, असं काकू सांगायच्या. सकाळी नदीपर्यंत चालायचे, दुपारी पेपर वाचायचे, संध्याकाळी भाजी महाग झाली म्हणायचे. पण तिथे मुलगी-जावई सकाळी गाडी घेऊन गेले की घर आणि काका, दोघंच. बाहेर चालायला फुटपाथ नाही, बोलायला शेजारी नाही. चालत जाता येईल अशी एकच जागा होती, ती म्हणजे गावची लायब्ररी. तिथल्या बाईंनी त्यांना विचारलं, काय वाचणार? काकांनी समोर दिसलेल्या कपाटाकडे बोट दाखवलं. ते कपाट होतं राज्याच्या राजकीय इतिहासाचं.

"दुसऱ्या कपाटाकडे बोट गेलं असतं तर आज हे केक करत असते," काकू म्हणायच्या.

सहा महिने त्यांनी अलाबामाचे जुन्या वळणाचे पुढारी वाचले. नवीन कायद्यांना अडवणारे, वॉशिंग्टनच्या सरकारला दम देणारे, आपल्या राज्यात आपलीच रीत चालणार म्हणून टेबलावर मूठ आपटणारे. परत आले ते कॉन्झर्व्हेटिव्ह होऊन. हा शब्द ते फार चवीने उच्चारायचे, अगदी पान लावून खाल्ल्यासारखा. पुढाऱ्यांची इंग्रजी नावं इमारतीत कुणाच्या लक्षात राहत नाहीत हे पाहून त्यांनी सोयीची नावं ठेवली होती. टोपीवाले, भाषणवाले, चर्चवाले, करवाले आणि मधोमध, सर्वांत मोठ्या फ्रेममध्ये, तिथले एकेकाळचे गव्हर्नर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्रीच, दारवाले. आणि इमारतीने काकांचं नाव ठेवलं गव्हर्नर.

त्यांचं मुख्य तत्त्व असं की सरकार जितकं लहान तितकं चांगलं. "माणसाने सरकारकडे हात पसरू नये. स्वतःच्या पायावर उभं राहावं." हे ते ज्या पायांवर उभं राहून सांगायचे ते पाय अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं नोकरी करून आलेले होते. सरकारी क्वार्टर, सरकारी कॅन्टीन, सरकारी दवाखान्यात केलेलं गुडघ्याचं ऑपरेशन. पेन्शन सरकारी. पाण्याचा दाब कमी झाला की सकाळी सकाळी पहिला फोन त्यांचाच जायचा. "बारवी धरण भरलंय ना? मग पाणी कुठे आहे? सरकार झोपलंय का?" फोन ठेवला की आमच्याकडे वळून म्हणायचे, "बघितलंत? म्हणून मी म्हणतो, सरकारवर अवलंबून राहू नये."

मांजर्लीत, बदलापूरच्या नदीकडच्या भागात, जागा बघायला मी एकटीच गेले होते. बदलापूरच्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन, नवरा अंबरनाथला एका औषध कंपनीत. बुवापाड्याच्या दोन खोल्यांत सासरची सहा माणसं, म्हणून वेगळं बिऱ्हाड हवं होतं. काकांनी नोकरी विचारली, पगार विचारला, मग आवाज जरा खाली आणून आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे तुम्ही..."

"बौद्ध."

काका थोडा वेळ दारवाल्यांकडे पाहत राहिले. "नाही नाही, मला तसं काही नाही," ते म्हणाले. "माझं वाचन मोठं आहे. आमचे तिकडचे पुढारी काय म्हणायचे? प्रत्येकाने आपापल्या जागी सुखात राहावं. किती चांगला विचार आहे!"

"मी तेच करतेय, काका. जागाच बघतेय."

आतून काकू चहा घेऊन आल्या. एका हातात कप, दुसऱ्या हातात किल्ली. "कपाटाचं एक दार जरा लागत नाही, तेवढं उचलून लाव," त्या म्हणाल्या, आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. जागेचा निर्णय त्या घरात कोण घेतं हे मला तेव्हाच कळलं. जागा काकूंच्या माहेरच्या पैशातली होती हे नंतर कळलं.

मी त्यांच्या समोरच्याच बिऱ्हाडात राहायला आले, आणि काकांना हवी तशी श्रोती मिळाली. बाकीच्या बिऱ्हाडांनी त्यांना टाळायच्या युक्त्या शोधल्या होत्या. सेक्रेटरी साहेब, म्हणजे उल्हासनगरहून इकडे राहायला आलेले, कापडाचं दुकान असलेले सिंधी गृहस्थ, गव्हर्नर दिसले की मोबाईल कानाला लावून "हां, हां, माल भेज दो" म्हणत जिना चढायचे. मोबाईल बऱ्याचदा उलटा असायचा. मी मात्र अडकायचे. मला थोडी मजा वाटायची, आणि खरं सांगायचं तर काका गोष्ट छान सांगायचे. भाषणवाल्यांनी एक कायदा अडवण्यासाठी सभागृहात उभं राहून किती वेळ भाषण केलं, बसले असते तर कायदा पास झाला असता, म्हणून पाणीसुद्धा बेतानं प्यायले, हे सांगताना काकांचे डोळे भरून यायचे. "आणि बोलायला काही उरलं नाही की पाकक्रिया वाचून दाखवायचे!" ते म्हणायचे. "काय निष्ठा!"

पण त्यांची सर्वांत लाडकी गोष्ट दारवाल्यांची. एक दिवस काका स्वतः आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी ती मला करून दाखवली. विद्यापीठाचं दार. दारात गव्हर्नर. समोर दिल्लीचा, म्हणजे तिकडच्या वॉशिंग्टनचा माणूस, म्हणतोय बाजूला व्हा. गव्हर्नर म्हणतात, होणार नाही, हे माझं राज्य आहे. काकांनी छाती काढली होती. त्यांच्यामागे काकू पोळीचा तवा घेऊन बाहेर येण्यासाठी ताटकळत उभ्या होत्या.

"पण आत कोण येणार होतं?" मी विचारलं.

"विद्यार्थी."

"मग विद्यार्थी विद्यापीठात नाही येणार तर कुठे जाणार?"

"म्हणजे, तसले विद्यार्थी."

"कसले?"

"अगं, तो मुद्दा नाहीये," काका चिडले. "मुद्दा राज्याच्या अधिकाराचा आहे. तुम्ही लोक लगेच तिथेच पोहोचता."

काकू मागून म्हणाल्या, "काळे विद्यार्थी होते. दोघंच होते. यांच्याच पुस्तकात मी वाचलंय. सरका, तवा गरम आहे."

माझे वडील गावाकडच्या शाळेत दाराबाहेर बसून शिकले. पावसात मास्तर त्यांना छपराखाली यायला सांगायचे, पण उंबऱ्याच्या आत नाही. ते सांगायचे की फळ्याचा डावा अर्धा भाग दिसायचा. उजवीकडचं गणित दुसऱ्यांच्या पाटीवरून उतरवून घ्यायचं. काकांनी जगातली सगळी दारं आतून पाहिली होती, त्यामुळे त्यांना दारात उभं राहणं हे शौर्य वाटायचं. त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "सोड ना यार, म्हातारा आहे. अलाबामा कुठे, मांजर्ली कुठे."

अलाबामा मांजर्लीत यायला मग फार दिवस लागले नाहीत.

आमच्या इमारतीच्या मागे नदीच्या बाजूला खोल्यांची एक रांग आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बायका बहुतेक तिथल्याच. पावसाळ्यात नदी फुगली की सगळ्यात आधी तिथे पाणी शिरतं. त्या वर्षी शिरलं तेव्हा माझ्याकडे भांडी घासणाऱ्या ताईंची भाची सुगंधा पोत्यात पुस्तकं भरून आमच्या जिन्यात येऊन बसली होती. बारवीकडच्या एका पाड्यातली ती ठाकर मुलगी. मावशीकडे राहून बारावी करत होती, नर्सिंगला जायचं होतं. पाणी उतरल्यावर तिने पुस्तकं आमच्या गच्चीत वाळत घातली. पानं फुगून पुस्तकांची जाडी दुप्पट झाली होती. तिची आणि तिच्यासारख्या आणखी मुलांची खोलीत बसून अभ्यास करायची सोय नव्हती. खोलीत एक दिवा आणि सात माणसं.

आणि आमच्या पहिल्या मजल्यावर सोसायटीची एक मोठी खोली रिकामी पडली होती. म्हणजे अगदी रिकामी नाही. त्यात नेट नसलेलं टेबल टेनिसचं टेबल, गणपतीच्या सजावटीचा थर्माकोलचा अर्धा कैलास आणि कुणाची तरी बंद पडलेली वॉशिंग मशीन होती. मी सेक्रेटरींना म्हटलं, संध्याकाळी ही खोली मागच्या मुलांना अभ्यासाला देऊ या. आपलीही मुलं बसतील.

"आयडिया अच्छा है, बेटा," ते म्हणाले. "मीटिंगमधे घेऊ. पण गव्हर्नर..." आणि त्यांनी सवयीने मोबाईल कानाला लावला.

गव्हर्नरांना बातमी काकूंकडूनच कळली. ते माझ्या दारात आले, आत मात्र आले नाहीत. "ही खासगी मालमत्ता आहे," ते म्हणाले. "आज अभ्यासाला येतील. उद्या पाणी प्यायला येतील. परवा म्हणतील, आम्हालाही मताचा हक्क द्या."

"बारावीची मुलं आहेत, काका."

"सुरुवात नेहमी विद्यार्थ्यांपासूनच होते," ते म्हणाले. तेवढा इतिहास मात्र त्यांचा पक्का होता.

मीटिंग रविवारी सकाळी पार्किंगमध्ये होती. काका उतरले तेच सुटात. मुलीच्या लग्नात शिवलेला, गडद निळा. सप्टेंबरची उकाड्याची सकाळ, आणि सूट लोकरीचा. एका हातात लिंबूपाण्याची बाटली, दुसऱ्यात पुस्तकांची पिशवी. विषय निघताच ते उभे राहिले आणि म्हणाले, "मला या विषयावर बोलायचं आहे, आणि माझं बोलणं संपेपर्यंत मतदान घेता येणार नाही."

"ऐसा रूल है क्या?" सेक्रेटरींनी मला हळूच विचारलं. मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. आणि काका बोलायला लागले.

सुरुवात चांगली झाली. खासगी मालमत्ता, परंपरा, जिन्यातल्या चपला, लिफ्टचं बिल. मग ते अलाबामाला गेले. टोपीवाल्यांनी रेल्वे कंपनीला काय सुनावलं, करवाल्यांनी शाळेसाठी कर कसा वाढू दिला नाही. "म्हणून तिकडच्या शाळा कशा राहिल्या?" कुणीतरी विचारलं. "गरीब," काका म्हणाले, "पण स्वाभिमानी." लोक हसले. काकांना वाटलं सभा जिंकली. घाम त्यांच्या कॉलरमधून वाहत होता, पण सूट काढला नाही. लोक मात्र एकेक करून उठायला लागले. कुणाचा दूधवाला आला, कुणाचा कुकर. काकांच्या बोलण्यात अलाबामाचे सगळे पुढारी येऊन गेले, काही तर दोनदा आले. मग विषय संपला. मी पाहत होते; त्यांनी बाटली तोंडाला लावली, आणि मग डोळे मिटून म्हणाले:

"कांदाभजी. साहित्य. चार कांदे, बेसन दोन वाट्या, ओवा..."

"आधी कांद्याला मीठ लावून ठेवायचं," मागच्या खुर्चीतून काकू म्हणाल्या. "पाणी सुटतं त्यातच बेसन भिजवायचं."

"आधी कांद्याला मीठ," काकांनी दुरुस्ती केली आणि पुढे चालू ठेवलं.

इथे सेक्रेटरी साहेबांनी, आयुष्यभर कापड विकलेल्या माणसाने, गिऱ्हाईक कधी हलत नाही आणि आपण कधी हलायचं हे ओळखलं. ते माझ्या कानाशी आले. "बेटा, इनको बोलने दो. मीटिंग ऊपर ठेवू."

आम्ही दोघं-दोघं, चोरपावलांनी, जिना चढलो. पहिल्या मजल्यावरच्या त्या खोलीतच, कैलासाला टेकून, सेक्रेटरींनी ठराव वाचला. हात वर करा म्हणाले. हात वर झाले. कुणीतरी खिडकी उघडली, कुणीतरी वॉशिंग मशीन ढकलायला घेतली. खालून काकांचा आवाज येत होता. ते थालीपिठापर्यंत पोहोचले होते. समोर श्रोत्यांत फक्त काकू उरल्या होत्या. त्या का थांबल्या असं मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "कुणीतरी बसायला हवं ना समोर. नाहीतर लोक म्हणतील वेड लागलंय यांना."

वॉशिंग मशीन घासल्याचा आवाज खाली गेला. काकांचं थालीपीठ तुटलं. ते जिना चढून आले, धापा टाकत, आणि खोलीच्या दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभे राहिले.

"कुणीही आत जाणार नाही!" ते म्हणाले.

आम्ही सगळे आतच होतो.

 मग सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, "गव्हर्नर साहेब, आत तर आलोच. आता बाहेर जायला देणार की नाही? मेरा दुकान है."

काका हलले नाहीत. हसू आलं होतं, पण मला तेव्हा हसता येईना, कारण त्यांच्या पाठीमागे जिन्यात सुगंधा उभी होती. मीच तिला खोली झाडायला ये म्हणून सांगितलं होतं. हातात केरसुणी, काखेत ते फुगलेलं जीवशास्त्राचं पुस्तक. तिने सगळं ऐकलं होतं. मागे वळून जाईल असं मला वाटलं.  पुढे होऊन म्हाताऱ्याचा हात खाली ओढावा असं वाटलं, आणि मी एक पाऊल पुढे टाकलंही.

सुगंधा म्हणाली, "आजोबा, जरा सरका ना."

आणि काका सरकले.

विचार करून नाही. आपल्याकडे कुणी मागून 'जरा सरका' म्हटलं की माणूस सरकतो. भाजीच्या रांगेत, बँकेत, देवळात. पन्नास-साठ वर्षांची सवय त्या सहा महिन्यांच्या वाचनाला पुरून उरली. ती आत आली, खिडकीखालची जागा झाडली, पुस्तक तिथे ठेवलं. काका अजून चौकटीला पाठ लावून उभे होते, कोटाची बाही चुन्याने पांढरी झालेली. सेक्रेटरी त्यांच्या बाजूने निसटले आणि दुकानाला गेले.

"मी स्वखुशीने बाजूला झालो," ते पुढे महिनाभर सांगत होते. "दारवालेही शेवटी झालेच होते. पण सन्मानाने." दारवाल्यांना हटवायला सैनिक आणावे लागले होते, याची मी त्यांना आठवण करून दिली नाही. काकूंनी दिली.

ते बदलले वगैरे असं काही झालं नाही. रोज संध्याकाळी खोलीत डोकावून पंखा विनाकारण चालू आहे का बघायचे, आणि मुलं असतील तरी बंद करून जायचे. मुलं पुन्हा लावायची. सुगंधाला बारावीत चांगले मार्क पडले तेव्हा मात्र अंबरनाथहून आलेल्या आपल्या जुन्या सहकाऱ्याला ते खोली दाखवत म्हणाले, "ही आम्ही सुरू केली." मी समोरच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही, पण 'आम्ही' तसाच ठेवला.

नंतर गुडघा पुन्हा दुखायला लागला आणि मुलीने दोघांना कायमचं तिकडे नेलं. पाचही म्हातारे फ्रेमसकट गेले; विमानतळावर सामान उघडायला लावलं तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने हार बघून नमस्कार केला म्हणे. घर आमच्याकडेच राहिलं. काकू महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल करतात.

मागच्या कॉलला काकूंचा चेहरा पडलेला होता. तिथल्या आपल्या लोकांनी मिळून देवळासाठी जागा घेतली होती. मुलगी-जावई पुढे होते. परवानगीसाठी गावच्या कौन्सिलची सभा होती. आपली पन्नासेक माणसं नटूनथटून गेली, काकाही गेले. तिथे एक स्थानिक पुढारी उठला. जुन्या वळणाचा, उंच, पांढऱ्या केसांचा. त्याने देवळाच्या विरोधात भाषण सुरू केलं. आमचं गाव, आमची रीत, हे लोक चांगले आहेत, पण आज देऊळ मागतील, उद्या काय मागतील.

"अर्धा तास बोलला," काकू म्हणाल्या. "मुलगी रडायला लागली. सगळे माना खाली घालून बसले. आणि तो बसल्यावर आमच्या लोकांतल्या एकाच माणसाने टाळ्या वाजवल्या."

"काकांनी?"

"उभं राहून."

तेवढ्यात काकांनी फोन ओढून घेतला. ते वाळले होते, पण डोळे तसेच चमकत होते. "अगं, तू ऐकायला हवं होतंस," ते म्हणाले. "एक कागद नाही हातात. पाण्याचा घोट नाही. काय बोलला! मी आयुष्यात पहिल्यांदा प्रत्यक्ष बघितला असा माणूस."

"काका, पण देऊळ?"

"नामंजूर झालं," ते म्हणाले. मागून मुलीचा आवाज आला, कुणाशी बोलत होती कोण जाणे. काकांनी फोन अगदी तोंडाजवळ नेला आणि आवाज खाली आणला.

"सभा संपल्यावर मी त्याला भेटायला गेलो. हात पुढे केला. म्हटलं, सर, मी तुमच्यातलाच आहे."

"मग?"

"त्याने मला त्याच्या गाडीची चावी दिली," काका म्हणाले. "पार्किंगमधून काढून आणायला सांगितली."